लग्नाचे केटरर, फोटोग्राफर, डेकोरेटर: टोकन द्यायच्या आधी नेमकं काय विचारायचं? (पुणे)

थोरली_करवली | ८ जुलै, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसती वाचतेय, आज पहिल्यांदाच धागा काढतेय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

धाकट्या बहिणीचं लग्न तुळशीच्या लग्नानंतर, नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात. हॉल एरंडवण्यात मिळाला (कसा मिळाला तो वेगळा धागा होईल), मुहूर्त सकाळी ११ च्या आसपास, माणसं ४५० धरून चाललोय. आमच्या घरातलं हे पहिलंच कार्य. आई-बाबांच्या लग्नात म्हणे आजोबांनी एक आचारी बोलावला, वाड्यातल्या बायकांनी लाडू वळले आणि मामांनी पंगती उठवल्या, बास. आता माझ्या फोनमध्ये ३ केटरर, ४ फोटोग्राफर, २ डेकोरेटर, १ मेंदीवाली आणि एक 'वेडिंग कोरिओग्राफर' असे नंबर सेव्ह आहेत, आणि सगळे इतकं गोड बोलतात की कोणाला नाही म्हणायचं तेच कळत नाहीये. "ताई तुम्ही काळजीच करू नका" हे वाक्य आठवड्यात अकरा वेळा ऐकलंय आणि दर वेळी काळजी वाढलीये.

केटररचे दर ताटामागे ५५० पासून ७५० पर्यंत. मेनू जवळपास तोच. मग २०० रुपयांचा फरक कशात आहे? आणि बुफे की पंगत यावर घरात रोज भांडण. अनुभवी लोकांनी सांगा प्लीज, टोकन द्यायच्या आधी काय बघायचं, काय लिहून घ्यायचं. रविवारपर्यंत एक केटरर तरी फायनल करायचाय.

शेवटची_पंगत | ९ जुलै, सकाळी ७:१५

टेस्टिंगला जाऊन चव बघितलीत ना? ती विसरा. पाच जणांसाठी केलेला मसालेभात कोणाचाही चांगला होतो, आमच्या हिचाही होतो. केटररला सांगा की तुमचं येत्या महिन्यात कुठे काम असेल तिथे मला दुपारी अडीचला अर्धा तास उभं राहू द्या, जेवायला नको, नुसतं बघायला. जो 'या की' म्हणतो त्याचा विचार करा, जो 'तिथले यजमान काय म्हणतील' करतो त्याला नमस्कार.

अडीचला का, तर पहिल्या पंगतीला सगळेच राजे असतात. शेवटच्या पंगतीला पुरी फुगलेली आहे का चामट, जिलबी आहे का 'संपली हो', आणि मुख्य म्हणजे मठ्ठा. मठ्ठा हे केटररचं थर्मामीटर आहे. बाराला दाट, कोथिंबीर-आलं लागतंय, एकला बरा, दोनला पाण्याला मिठाचा आणि हिंगाचा वास. त्यात घालायचा बर्फही विचारा कुठला. न खाण्याच्या बर्फात निळा रंग घालायचा नियम आहे पण लादी गोणपाटात गुंडाळून मागच्या दारानं येते, कोण बघतंय.

बाकी बुफे-पंगत वादात मी पडत नाही, माझं मत माझ्या नावातच आहे.

शुद्ध_तूप | ९ जुलै, सकाळी ८:०२

विषय चांगला आहे पण 'वेंडर' 'वेंडर' काय चाललंय सगळीकडे? (धाग्यात अजून नाही आलं पण येईलच.) आचारी होता, मांडववाला होता, वाजंत्री होते, हारवाला होता, प्रत्येकाला नाव होतं. आता सगळ्यांचं मिळून एक वेंडर. भाजीवाला पण वेंडर आणि सनईवाला पण वेंडर.

शेवटची_पंगत | ९ जुलै, सकाळी ८:०९

काका चहा घ्या.

ताटमोजणी | ९ जुलै, दुपारी १२:३०

थोरल्या करवलीताई, २०० रुपयांचा फरक बऱ्याचदा मेनूत नसतोच, तो मेनूच्या बाहेर असतो. कोणी वाढपी १८ आणतो कोणी ३०, कोणी सकाळचा चहा-नाश्ता आणि पाण्याच्या बाटल्या धरून दर सांगतो कोणी वेगळे लावतो, कोणाचा जीएसटी आत कोणाचा 'प्लस'. तेव्हा तिघांनाही एकच कागद द्या: आदल्या दिवशीचं सीमांतपूजन आणि रात्रीचं जेवण, सकाळचा नाश्ता, दुपारचं जेवण, चारचा चहा, घरी न्यायचा फराळ, आणि म्हणा याच्यावर भाव भरा. मग तुलना होते. नाहीतर आंबा आणि बटाट्याची तुलना चाललीये.

आता माझ्या मुलीच्या लग्नाची गोष्ट सांगतो, म्हणजे माझं नाव असं का ते कळेल. दर ताटामागे ५५०, गॅरंटी ४०० (म्हणजे निदान इतक्या ताटांचे पैसे द्यायचेच), त्याच्यावर होतील तितकी ताटं. बुफे. रात्री हिशोबाला बसलो तर मॅनेजर म्हणाला ५१२ ताटं झाली. माझा भाचा दारात उभा राहून माणसं मोजत होता, त्याचा आकडा ४३८. मध्ये ७४ ताटांचा फरक, म्हणजे ४०,७०० रुपये. बँकेत ३४ वर्षं काढलेला माणूस मी, मला झोप लागेना. मॅनेजर म्हणाला काका लोक एक ताट ठेवतात आणि गोडाला दुसरं घेतात, लहान मुलं तर तीन तीन घेतात, आणि फोटोवाले, बँडवाले, ड्रायव्हर, गुरुजी यांचं कोण धरणार. खोटं म्हणता येईना आणि खरंही वाटेना. शेवटी ४७० वर तडजोड झाली आणि तोंडं वाकडी झाली ती झालीच.

धाकट्या मुलाच्या लग्नात शहाणा झालो. ताटांच्या क्रेट येतात, एकेका क्रेटमध्ये ५०. जेवण सुरू व्हायच्या आधी क्रेट दोघांनी मिळून मोजायच्या, वहीत लिहून दोघांच्या सह्या. धुतलेलं ताट परत ढिगात जाणार नाही हे आधी ठरवायचं. गोडाला वेगळी वाटी, आइस्क्रीमला वेगळी, म्हणजे दुसरं ताट लागत नाही. संपल्यावर उरलेली मोजायची आणि वजाबाकी. पंगतीत तर सोपंच, पानं मोजा. स्टाफची ताटं किती आणि कुठल्या दरानं तेही आधी. आमच्या वेळी स्टाफला निम्मा दर लावला त्यांनी, न मागता, कारण विषय आधी निघाला होता.

थोरली_करवली | ९ जुलै, रात्री १०:१०

बापरे काका. हे कोणीच सांगितलं नव्हतं. 'एकच कागद' उद्याच करते.

मांडववाल्याचा_मुलगा | १० जुलै, रात्री १:२५

वेळ बघा माझी, आत्ता साइटवरून आलोय. दुसऱ्या बाजूनं पण थोडं लिहितो, राग मानू नका.

आमचा धंदा वडिलांपासूनचा, आधी नुसता मांडव-कनात, आता डेकोरेशन. तुम्ही लोक मोबाइलवरचा फोटो दाखवता आणि म्हणता असंच पायजे. तो फोटो असतो कुठल्यातरी समुद्रकिनाऱ्यावरच्या लग्नाचा, सगळी विदेशी फुलं, आणि बजेट सांगता झेंडू-शेवंतीचं. वर हॉलची सिलिंग ९ फूट. आम्ही 'होऊन जाईल' म्हणतो ही आमची चूक, कारण नाही म्हटलं तर शेजारचा हो म्हणतो. तर तुम्ही असं विचारा: यातलं खरं फूल किती, कापडी किती, आणि कुठली फुलं त्या आठवड्यात मिळतील? फुलं मार्केट यार्डातनं येतात, पहाटे चारला आम्ही गुलटेकडीला असतो, आणि दाट मुहूर्ताच्या दिवशी भाव असा वर जातो की आदल्या आठवड्याचा हिशोब फाडून टाकायचा. म्हणून कोटेशनमध्ये 'फुलं बाजारभावाप्रमाणे' असेल तर त्याला एक वरची मर्यादा लिहून घ्या. आणि कुठलं फूल नाही मिळालं तर बदली काय, तेही.

दुसरं, हॉल. हॉलवाल्याला विचारा आम्हाला आत कधी सोडणार. तुमच्या आदल्या रात्री तिथे दुसऱ्याचं रिसेप्शन असतं, ते संपतं साडेअकराला, मग त्यांचा मांडववाला उतरवणार, मग आम्ही चढवणार, आणि सकाळी सातला तुमच्या काकू येऊन म्हणणार अजून होतंच आहे का. टेंपो कुठे लावायचा, लिफ्ट आहे का, भिंतीला खिळा चालतो का, लाइटचा लोड किती, जनरेटरचं डिझेल कोणाचं. डिझेलवरून जेवढी भांडणं बघितलीत तेवढी हुंड्यावरून पण नसतील.

आणि हात जोडून एक: बोलायला एकच माणूस द्या. मागच्या महिन्यात स्टेजवरचा सोफा आम्ही तीनदा हलवला. मावशी म्हणाल्या मध्ये घ्या, मग आत्या म्हणाल्या समई झाकली जाते डावीकडे घ्या, मग मुलाकडचे एक गृहस्थ आले ते म्हणाले वास्तूप्रमाणे तोंड पूर्वेला पायजे. माझी पोरं रात्रभर जागी. चौथ्या वेळी एकानं सोफा मधोमध ठेवला आणि त्याच्यावरच झोपला. कोणी उठवलं नाही त्याला, मीपण नाही.

हिरवा_चुडा | १० जुलै, सकाळी ९:४०

मामादा (मांडववाला दादाचा शॉर्टफॉर्म) एकदम पटलं. आमच्याकडे माझी चुलत वहिनी 'एकच माणूस' होती, तिच्या गळ्यात आम्ही चेष्टेनं शिट्टी घातली होती. कोणीही काहीही बोललं की मांडववाला म्हणायचा शिट्टीवाल्या वहिनींना विचारा. फक्त तो माणूस नवरी, नवरा, आई, बाबा यातला नसावा, कारण ते त्या दिवशी पाटावर नाहीतर रडत असतात.

मेकअपबद्दल दोनच गोष्टी लिहिते. ट्रायलला तुमच्याच साडीचा तुकडा नाहीतर ब्लाउज घेऊन जा आणि ट्रायल झाल्यावर उन्हात फोटो काढा, त्यांच्या स्टुडिओच्या रिंग लाइटमध्ये आपण सगळ्याच देखण्या. आणि नऊवारी नेसवणारी तीच का वेगळी बाई येणार ते विचारा. मुहूर्ताच्या दिवशी एकीची चार बुकिंग असतात, ती नवरीला अर्धी तयार करून पुढच्या हॉलला जाते आणि असिस्टंट राहते. माझ्या वेळी पदर असिस्टंटनं लावला, बरा लावला हो, पण अंतरपाट धरायला आणि माझ्या खांद्यावरची पिन निघायला एकच गाठ पडली.

गुरुजींचं कोणी लिहिलं नाही! ते वेंडर नाहीत मान्य (शुद्ध तूप काका खूश) पण लग्न नोंदणीच्या फॉर्मवर गुरुजींची सही लागते, तीन साक्षीदार लागतात आणि पत्रिका लागते. आम्ही विसरलो. मग फॉर्म घेऊन गुरुजींना शोधत नारायण पेठेपासून धायरीपर्यंत, ते दर वेळी कुठल्यातरी दुसऱ्या लग्नात. तो फॉर्म आधीच छापून पूजेच्या साहित्याच्या पिशवीत टाका आणि सप्तपदी झाली की सही घ्या. महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात एक चक्कर वाचते.

काळा_कोट | १० जुलै, दुपारी ३:१५

कायद्याचं थोडं.

लेखी करार म्हणजे काही फार मोठं नाही. स्टँपवर करायचा तर आधी १०० रुपयांत भागायचं, ऑक्टोबर २०२४ पासून ५०० लागतात. पण लग्नाच्या कामात निम्मे लोक स्टँप म्हटलं की बिचकतात, म्हणून मी सगळ्यांना सांगतो, भेटून आलात की त्याच रात्री सविस्तर मेसेज टाका: 'आज ठरल्याप्रमाणे अमुक तारीख, अमुक वेळ, इतकी माणसं, हा दर, यात हे हे धरून, इतकं टोकन दिलं'. समोरून 'ओके ताई' आलं की तुमच्याकडे कागद झाला. फोनवर ठरलेलं मात्र हवेत जातं.

रोख. प्राप्तिकर कायद्याप्रमाणे १ एप्रिल २०१७ पासून एका कार्यक्रमासाठी एका व्यक्तीकडून २ लाख किंवा जास्त रोख घेता येत नाही, हप्ते पाडून पण नाही, आणि दंड घेणाऱ्याला, तितक्याच रकमेचा. त्यामुळे 'कॅश दिलीत तर जीएसटी वाचेल' म्हणणाऱ्याला हे जरा आठवण करून द्या. आणि तुमचा स्वार्थ असा की खात्यातून गेलेला पैसा सिद्ध करता येतो.

आणि अगदीच फसवलं तर ग्राहक आयोग आहे. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीची फी नाही, ऑनलाइन करता येते, मुदत २ वर्षं. १९१५ ही हेल्पलाइन आहे, पुष्कळदा तिथून फोन गेला की समोरचा हलतो. ग्राहक पंचायतीची चळवळ आपल्या पुण्यातच १९७४ साली बिंदुमाधव जोशींनी सुरू केली आणि आपणच बिल मागायला लाजतो ही गंमत आहे.

शेवटची_पंगत | १० जुलै, दुपारी ३:३१

वकीलसाहेब, केटररचं फूड लायसन्स राहिलं. १४ आकडी नंबर असतो, कार्डावर नसेल तर विचारा. विचारल्यावर चेहरा कसा होतो ते नंबरापेक्षा महत्त्वाचं.

शटरवाली | १० जुलै, रात्री ११:५५

फोटोग्राफर आहे, स्वतःची जाहिरात करणार नाही, अॅडमिन घाबरू नका.

पहिला प्रश्न हाच विचारा: त्या दिवशी कॅमेरा कोणाच्या हातात असणार? पेजवरचे फोटो एकाचे, मीटिंग दुसऱ्याबरोबर आणि दिवशी येतो तिसराच, कारण त्याच मुहूर्तावर त्यांची तीन लग्नं असतात. नाव लिहून घ्या. दुसरं, पेजवरचे २० भारी फोटो बघू नका, एका लग्नाचे सगळेच्या सगळे मागा, ७००-८०० असतील, त्यात लाजाहोमाच्या धुरातले, जेवणावळीतले, ट्यूबलाइटखालचे कसे आलेत ते बघा. पेजवर कोणी ट्यूबलाइटखालचा फोटो टाकत नाही आणि निम्मी कार्यालयं ट्यूबलाइटवरच चालतात.

फोटो कधी, किती, हार्ड डिस्क कोणाची, आमच्याकडे किती महिने ठेवणार हे लिहा. अल्बम उशिरा येतो म्हणून आम्हाला शिव्या बसतात पण खरं सांगू, दहातल्या सात वेळा निवड तुमच्याकडेच अडकलेली असते. सासूबाईंना त्यांच्या माहेरचे सगळे हवेत, नवरीला एकही नकोय, आणि ती लिंक चार महिने तशीच. तेव्हा 'निवड दिल्यापासून इतके दिवस' असं लिहा म्हणजे दोघांनाही न्याय.

घरच्यांच्या फोटोंची यादी द्या आणि एक भाचा असा द्या जो सगळ्यांना ओळखतो. मला कसं कळणार की कोपऱ्यात बसलेल्या त्या आजी म्हणजे नवरदेवाला सांभाळलेल्या मावशीआजी आहेत? एकदा असंच राहिलं माझ्याकडून, आणि चार महिन्यांनी त्या गेल्या. मुलाच्या वडिलांनी फोन करून अगदी शांतपणे विचारलं, एखाद्या फोटोत मागे कुठे आल्या असतील तर बघता का. सगळे १,१०० फोटो पुन्हा उघडले. एकात मिळाल्या, मंगलाष्टकांच्या वेळी, अक्षता टाकायला वर केलेला हात आणि अर्धा चेहरा. तो मोठा करून दिला, पैसे घेतले नाहीत.

ड्रोनचं: पुण्यात लोहगावला हवाई दलाचा तळ आहे, खडकवासल्याला एनडीए (लष्करी प्रबोधिनी), हॉल कुठे आहे त्यावर उडवायला परवानगी लागते का ते ठरतं. '२५० ग्रॅमच्या आतला आहे, परवानगीचं टेन्शन नाही' असं म्हणणाऱ्याला त्याचा मॉडेल विचारा.

आणि हो, आम्हाला जेवायला घाला हो. सहा वाजल्यापासून उभे असतो, साडेतीनला गेलो तर वाढपी म्हणतो 'तुमचं पलीकडे', आणि पलीकडे काही नसतं.

थोरली_करवली | ११ जुलै, सकाळी १०:२०

शटरवाली, ते वाचून मी ऑफिसमध्ये रडले. आजीचं नाव यादीत पहिलं टाकलंय.

रास्तापेठी | ११ जुलै, दुपारी १:००

आमचं लग्न ज्येष्ठात, हॉल नाना पेठेत. तारीख काढताना पंचांग बघितलं, सगळ्या ग्रहांना विचारलं, पालख्यांना विचारलंच नाही. आदल्या दिवशी ज्ञानोबा-तुकोबा पुण्यात. भवानी पेठेत माउली, नाना पेठेत निवडुंग्या विठोबाला तुकोबा, रस्ते बंद, फुलांचा टेंपो स्वारगेटच्या पुढे येईना. शेवटी डेकोरेटरची दोन पोरं डोक्यावर झेंडूच्या पाट्या घेऊन वारकऱ्यांच्या मधून चालत आली. लोकांना वाटलं पालखीलाच फुलं चाललीत, दोन बायांनी त्यातली मूठभर घेऊन नमस्कार केला.

तात्पर्य काही नाही, नोव्हेंबरात पालखी नसते. पण हॉलच्या रस्त्याचं काय खोदकाम चाललंय ते महिनाभर आधी बघून या आणि टेंपोवाल्या सगळ्यांना कळवा.

अबोली७ | ११ जुलै, रात्री ९:३०

एक विषय कोणी काढणार नाही म्हणून मीच काढते. सुतक.

माझ्या लग्नाच्या नऊ दिवस आधी आजी गेली. सगळ्यांना फोन करायचं काम माझ्या भावाकडे आलं, २४ वर्षांचा पोरगा. केटरर म्हणाला, "दादा तुम्ही तिकडचं बघा, तारीख ठरली की सांगा, टोकन माझ्याकडे आहे." बास, इतकंच. फोटोग्राफरनं पण तसंच. हॉलनं मात्र पावतीच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात छापलेलं वाचून दाखवलं, रद्द केल्यास रक्कम परत मिळणार नाही. खूप विनवण्या केल्यावर अर्धे वळते करून घेतले, तेही आडमुहूर्ताच्या तारखेला. चूक आमचीच, आम्ही पावती कधी उलटी करून बघितलीच नव्हती.

तर टोकन देताना लाज न बाळगता विचारा, घरात काही बरंवाईट झालं आणि तारीख पुढे गेली तर काय? अशुभ बोलू नका म्हणतील आई-बाबा. आधी त्यांना दुसऱ्या खोलीत चहा करायला पाठवा. रद्द होणं आणि पुढे जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि पावतीवर दोन्ही वेगळ्या लिहून घ्या.

कानात_बोळे | १२ जुलै, सकाळी ११:१०

संध्याकाळी रिसेप्शन असेल आणि लॉन घेणार असाल (म्हात्रे पूल ते राजाराम पूल, नदीकाठी ओळीनं आहेत ती) तर डीजेवाल्याशी १२ पर्यंतचे पैसे ठरवू नका. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर बंद. बंदिस्त हॉलची गोष्ट वेगळी. आमच्याकडे दहा वाजून पाच मिनिटांनी पोलीस आले, नवरदेवाचे मित्र नुकतेच रंगात आले होते, आणि डीजेनं चार तासांचे पूर्ण पैसे घेतले दोन तास वाजवून. त्याचं बरोबरच होतं, तो चार तास उभा होता. आणि लॉनला पावसाची काय सोय ते विचारा, नोव्हेंबरात पण येतो आजकाल.

मांडववाल्याचा_मुलगा | १३ जुलै, रात्री १२:४०

अबोलीताई, आमच्याकडे पण अशा तारखा बदलतात, आम्ही कधी पैसे नाही ठेवत, फक्त आणलेल्या फुलांचे घेतो. पण लेखी मागितलं तर वडील म्हणतात आपल्यावर विश्वास नाही का. मी म्हणतो बाबा विश्वास आहे म्हणून तर आलेत, कागद विसराळूपणासाठी असतो. अजून पटलेलं नाही त्यांना.

आणि पैशाचं कोणी विचारलं नाही म्हणून सांगतो. आम्हाला फुलवाल्याला आणि पोरांना त्याच दिवशी रोख द्यावं लागतं, उधारी नसते. तुम्ही कार्य झाल्यावर 'आता सगळे दमलेत, पुढच्या आठवड्यात या' म्हणता, तो पुढचा आठवडा म्हणजे कधीकधी दिवाळी. तेव्हा बाकीची रक्कम पाकिटात घालून आदल्या दिवशीच त्या शिट्टीवाल्या वहिनीकडे द्या, काम बघून तिनं द्यावं. ज्याचे पैसे वेळेवर येतात त्याच्या घरी आम्ही पुढच्या कार्याला स्वतःहून चार हार जास्तीचे नेतो.

शुद्ध_तूप | १३ जुलै, सकाळी ७:५५

या मुलाचा नंबर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा कोणीतरी. नातवाची मुंज आहे.

थोरली_करवली | ३ डिसेंबर, रात्री १०:५०

मंडळी धागा वर काढतेय. लग्न झालं! झोप अजून पूर्ण झालेली नाही म्हणून विस्कळीत लिहीन.

केटरर: एकच कागद दिल्यावर ५५० वाला ६९० वर गेला आणि ७५० वाला ७१० वर आला, त्यामुळे काकांना साष्टांग नमस्कार. आम्ही मधला घेतला, ६४० ला सगळं धरून. अडीचला बघायला येऊ का विचारलं तर तो हसला आणि म्हणाला "कोणी शिकवलं तुम्हाला हे?" पण पत्ता दिला. गेले. पुऱ्या फुगत होत्या. वाढप्यांना जेवायला वेगळं टेबल लावलेलं होतं, ते बघून मी तिथेच ठरवलं.

बुफे-पंगत भांडण असं मिटलं की व्याही मंडळी आणि घरचे मिळून ९० पानं पंगतीत, अळूची भाजी, पंचामृत, रांगोळी, उदबत्ती सगळं साग्रसंगीत, बाकी बुफे. काका, क्रेट मोजल्या! ८ क्रेट म्हणजे ४०० ताटं, उरली ५९, म्हणजे ३४१ आणि पंगतीची ९०, एकूण ४३१. मॅनेजरची वही आणि माझ्या मामेभावाची वही, आकडा एकच. हिशोब सहा मिनिटांत झाला.

काय चुकलं: डेकोरेटरनं (आपला मामादा नाही, त्याच्याकडे तारीख नव्हती) निशिगंधाच्या जागी दुसरंच काहीतरी पांढरं लावलं, बदली फूल लिहायला मीच विसरले होते, वाचूनसुद्धा. डीजे नव्हताच, सनई होती. एसी हॉलमध्ये होमाचा धूर झाल्यावर मॅनेजर धावत आला, अलार्म वाजेल म्हणून, मग लाजाहोमाच्या वेळी दोन काका पत्रिकांनी धूर खिडकीकडे ढकलत होते आणि तो सगळ्यात भारी फोटो आलाय असं फोटोग्राफर म्हणतेय. एकच माणूस म्हणून माझ्या आतेबहिणीला नेमलं, तिनं शिट्टी खरंच आणली. गुरुजींची सही झाली, साक्षीदारांच्या पण, फॉर्म कपाटात आहे.

आजीचे २३ फोटो आहेत. मोजले.

ताटमोजणी | ४ डिसेंबर, सकाळी ६:४०

अभिनंदन! वही जपून ठेवा, पुढच्या कार्याला लागते.

शटरवाली | ४ डिसेंबर, सकाळी ९:१५

फोटोग्राफरला जेवायला घातलंत का?

थोरली_करवली | ४ डिसेंबर, सकाळी ९:३२

पंगतीत बसवलं, आत्यांच्या शेजारी. आत्यांनी आग्रह करकरून चार जिलब्या वाढल्या, त्यानंतर तासभर तिनं एकही फोटो काढला नाही.

शेवटची_पंगत | ४ डिसेंबर, सकाळी ९:४०

बाकी सगळं ठीक आहे. अडीचला मठ्ठा कसा होता?

थोरली_करवली | ४ डिसेंबर, सकाळी ९:४४

दाट होता. पण कोथिंबीर संपली होती.